दीड लाखात साखरपुड्याची अंगठी: सुटा हिरा निवडताना पैसे कुठे घालावेत

तुमचा प्रश्न मी असा समजलो. तुळशीच्या लग्नानंतर साखरपुडा आहे. अंगठीसाठी सगळं मिळून दीड लाख रुपये बाजूला काढलेत आणि हिरा आधी सुटा निवडून मग अंगठी घडवून घ्यायची आहे. नाशकातल्या सराफ बाजारात एका दुकानात ५० सेंटचा (शंभर सेंट म्हणजे एक कॅरेट, हिऱ्याचं वजन) व्हीव्हीएस, म्हणजे आत जवळपास दोष नसलेला हिरा दाखवला, दुकानाच्या स्वतःच्या सर्टिफिकेटसह. कॉलेज रोडच्या एका शोरूममध्ये लॅबमध्ये तयार झालेला सव्वा कॅरेटचा हिरा पुढे केला, तोही बजेटच्या बराच आत. मित्र म्हणतो सुरतेला जाऊन आण, निम्म्यात मिळेल. आई विचारतेय हिरा लाभेल का. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, "यातला चांगला कुठला?"

मी बरीच वर्षं हिऱ्यांचं असॉर्टिंग, म्हणजे दर्जानुसार निवड, केलं, आधी मुंबईत ऑपेरा हाऊसला आणि नंतर नाशकात. घडवलेल्या दागिन्यापेक्षा सुटा खडाच माझ्या हाताखालून जास्त गेला, त्यामुळे उत्तर त्याच बाजूने देतो.

"चांगला कुठला" असं विचारलं की समोरचा माणूस कागदावरची वरची श्रेणी दाखवणार, हे ठरलेलं आहे. व्हीव्हीएस कागदावर चांगलाच असतो. पण ती श्रेणी दहापट भिंगाखाली बघून ठरते आणि अंगठी मात्र हातभर अंतरावरून नुसत्या डोळ्यांनी बघितली जाते. म्हणून तुमच्यासाठी प्रश्न मी जरा बदलतो: दीड लाखातला जास्तीत जास्त पैसा डोळ्याला दिसेल अशा गोष्टीवर कसा जाईल? याचं माझं उत्तर एका शब्दात आहे, पैलू. बाजारात ज्याला कट म्हणतात तो. बाकी सगळं त्याच्या मागे.

काही गोष्टी मात्र तुमच्याकडच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या मला माहीत नाहीत. तिला पिवळं सोनं आवडतं की पांढरं? अंगठी रोज घालणार की कार्यापुरती? कामात हात सतत वापरात असतो का? तिला खडा मोठा हवा की नाजूक चालेल? यातलं एकही उत्तर बदललं तर खालचा हिशेब थोडा सरकेल. तिला न सांगता आणायचा विचार असेल तर तो सोडून द्या, असं मनापासून सुचवतो. अंगठी ती घालणार आहे, बोटाचं माप तिचं आहे. दोघांनी मिळून घेतलेल्या अंगठीवरून नंतर घरात कधी कुरबुर झालेली मी पाहिली नाही.

आधी पैशाची वाटणी करा, हिरा नंतर. लोक उलटं करतात. खडा आवडतो, त्यावर सगळे पैसे जातात आणि मग अंगठी दोन ग्रॅमची पत्र्यासारखी घडवावी लागते. तीन टक्के जीएसटी धरला तर तुमच्या दीड लाखातले साधारण ४,४०० रुपये करातच जाणार. उरलेल्यातून आधी सोनं काढा. हिऱ्याच्या अंगठीला २२ कॅरेटचं सोनं घेऊ नका, ते मऊ असतं आणि खडा धरून ठेवणारे प्राँग त्यात लवकर ढिले पडतात. १८ कॅरेट घ्या (सोन्यात कॅरेट म्हणजे शुद्धता, वजन नाही). त्यात ७५ टक्के सोनं असतं, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या अंगठीत शुद्ध सोनं अडीच ग्रॅमहून जरा जास्त, २.६२ ग्रॅमच्या आसपास. त्या दिवसाच्या २४ कॅरेटच्या भावाने गुणलं की सोन्याची किंमत तुमच्या हातात. १४ कॅरेटमध्ये ५८.५ टक्के सोनं असतं. ते आणखी कडक आणि स्वस्त पडतं, रोजच्या वापराला उत्तम. पण आपल्याकडे घरच्यांना १४ पटत नाही, हेही खरं. सोन्याचे भाव असे चढलेत की हा आकडा पूर्वीसारखा किरकोळ राहिलेला नाही. त्यात घडणावळ मिळवा. जे उरेल तो हिऱ्याचा आकडा, आणि दुकानात तोच सांगा. पूर्ण दीड लाख सांगितलेत तर दीड लाखाचा हिरा समोर येईल.

आता पैलूंबद्दल. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या हिऱ्याची गोष्ट नाशिककरांनी ऐकलेली असते, पण त्यातला हिरे निवडणाऱ्याला उपयोगी भाग सहसा कुणी सांगत नाही. गोवळकोंड्याच्या खाणीतला हा हिरा तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धानंतर इंग्रजांच्या हाती लागला आणि लंडनला गेला, तिकडे त्याला नासक डायमंड म्हणतात. त्या वेळी तो जवळपास ९० कॅरेटचा होता. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत वजन राखून पैलू पाडायचे, त्यामुळे वजन भरपूर आणि चमक बेताची. लंडनच्या रुंडेल अँड ब्रिजने तो पुन्हा कापून ७८ कॅरेटवर आणला. पुढे १९४० मध्ये हॅरी विन्स्टनने घेतला आणि परत कापून ४३.३८ कॅरेटचा केला. म्हणजे मूळच्या वजनातलं निम्म्याहून जास्त त्यांनी जाणूनबुजून घालवलं, आणि धंदा करणाऱ्या माणसांनी घालवलं. हिऱ्याचं तेज कोन बरोबर असण्यात आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

कारण साधं आहे. वरून शिरलेला प्रकाश तळाच्या पैलूंवर आपटून परत वर यायला हवा. तळाचा कोन फार उथळ असेल तर प्रकाश खालून निसटतो आणि खड्याच्या आत कडेने राखाडी वर्तुळ दिसतं, त्याला बाजारात फिशआय म्हणतात. फार खोल असेल तर मध्यभाग काळपट पडतो. नीट कापलेल्या गोल हिऱ्यात टेबल, म्हणजे वरचा सपाट पैलू, व्यासाच्या साधारण ५४ ते ५९ टक्के असतो. एकूण खोली ५९ ते ६२.५ टक्के, वरच्या भागाचा कोन ३४ ते ३५ अंशांच्या आसपास आणि तळाचा ४०.६ ते ४१. हे आकडे हिरा तपासणाऱ्या लॅबच्या अहवालावर आकृतीत छापलेले असतात. पाठ करायची गरज नाही, फोनमध्ये लिहून ठेवा आणि दुकानात जुळवून बघा.

खोलीचा दुसरा परिणाम थेट तुमच्या खिशाशी आहे. वजन पोटात लपवता येतं. ५० सेंटचा खडा खोल कापला, खोली ६५ टक्के ठेवली, तर वरून तो सुमारे ५ मिलिमीटर भरतो. तेवढाच ५ मिलिमीटरचा तोंडवळा नीट कापलेल्या ४७ सेंटच्या खड्यात मिळतो. म्हणजे वरचे तीन सेंट तुम्ही विकत घेतलेत, पण ते कोंदणाच्या खाली आहेत, कुणाला दिसणार नाहीत. म्हणून वजनाबरोबर मिलिमीटर विचारा. अंदाजासाठी: नीट कापलेला ३० सेंट ४.३ मिलिमीटर, ४० सेंट ४.७ ते ४.८, ५० सेंट ५.१, ७० सेंट ५.७ आणि एक कॅरेट साडेसहा.

यातच भावाची एक गोम आहे. हिऱ्याचा भाव प्रति कॅरेट सांगतात आणि तो वजनाबरोबर पायऱ्यांनी चढतो. ३०, ४०, ५०, ७०, ९० सेंट आणि एक कॅरेट या पायऱ्या. समजा एका दर्जाच्या खड्याचा भाव ५० सेंटच्या खाली कॅरेटला १ लाख ८० हजार आहे आणि ५० च्या वर २ लाख २० हजार. मग ४८ सेंटचा खडा ८६,४०० रुपयांना पडेल आणि ५० सेंटचा १ लाख १० हजारांना. आकडे मी समजण्यापुरते घेतलेत, रोजचा भाव वेगळा असेल, पण उडी खरी आहे. दोन सेंटच्या फरकाने व्यासात फरक पडतो एक दशांश मिलिमीटरसुद्धा नाही. पायरीच्या अलीकडचे खडे, ३८-३९ किंवा ४६ ते ४८ सेंट, मुद्दाम मागा. दुकानात नसतील तर मुंबईहून मागवून देतात, दोनतीन दिवस लागतात. कमी मिळतात, कारण कापणारा कारागीर पायरी गाठायचाच प्रयत्न करतो. त्यापायीच कधी कधी पैलू बिघडलेले ५० सेंटचे खडे बाजारात येतात.

रंगाचं लवकर आटोपतो. डी पासून झेडपर्यंत श्रेणी आहेत. डी, ई, एफ म्हणजे रंगहीन आणि जी ते जे म्हणजे जवळपास रंगहीन. पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर एच, आय, अगदी जे सुद्धा पांढराच दिसतो, कारण भोवतीच्या सोन्याचा पिवळेपणा त्याहून कितीतरी गडद असतो. पांढऱ्या सोन्यासाठी जी किंवा एच वर थांबा. डी-ई-एफसाठी जादा पैसे या बजेटमध्ये देऊ नका.

क्लॅरिटीचं, म्हणजे आतल्या दोषांच्या श्रेणीचंही तसंच, पण इथे थोडं थांबायला हवं. व्हीव्हीएसच्या खाली व्हीएस, त्याच्या खाली एसआय. व्हीएस टू च्या खड्यात नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. एसआय वन मध्ये बहुतेकदा दिसत नाही, कधी कधी दिसतं, म्हणून तो खडा हातात घेऊन बघावाच लागतो. दोष काय आहे आणि कुठे आहे यावर सगळं आहे. कडेला पांढरी बारीक फेदर, म्हणजे पिसासारखी चीर, असेल तर प्राँगखाली झाकली जाते. टेबलाच्या बरोबर मधोमध काळा ठिपका असेल तर तो खालच्या पैलूंत परावर्तित होऊन एकाचे चार दिसतात. फेदर कडेपर्यंत येऊन उघडी पडलेली असेल तर तो खडा मी घेत नाही. हिरा कितीही कठीण असला तरी ठरावीक दिशांनी चिरतो आणि कोंदणात दाबताना तिथूनच टवका उडण्याची भीती असते.

अहवालात न येणाऱ्या किंवा आडून येणाऱ्या दोन गोष्टी विचारून घ्या. एक म्हणजे खडा मिल्की आहे का. काही खड्यांमध्ये सूक्ष्म ढग इतके पसरलेले असतात की खडा दुधाळ, झोपलेला दिसतो आणि श्रेणी मात्र व्हीएस असते. अहवालाच्या शेरा-रकान्यात श्रेणी न दाखवलेल्या ढगांवर ठरली आहे, असं लिहिलेलं दिसलं तर जास्त बारकाईने बघा. दुसरी गोष्ट तपकिरी किंवा हिरवट झाक. व्यापारी आपसात "बीजीएम नको" असं सांगूनच माल मागवतात. ब्राउन, ग्रीन, मिल्की यांची ती आद्याक्षरं. तुम्हीही दुकानात तेच शब्द वापरा. खडा दाखवणाऱ्याला कळेल की तुम्ही तयारीने आलात.

तर मी तुमच्या जागी असतो तर मागणी अशी केली असती: गोल, ४० ते ४८ सेंट, रंग जी ते आय, क्लॅरिटी व्हीएस टू किंवा बघून पसंत पडलेला एसआय वन, कट-पॉलिश-सिमेट्री तिन्ही एक्सलंट, फ्लोरोसन्स (अतिनील प्रकाशात दिसणारी चमक) नसलेला किंवा फेंट म्हणजे अगदी कमी, बीजीएम नाही, जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेच्या अहवालासह. आजच्या बाजारात अंगठी, घडणावळ आणि कर धरून दीड लाखात हे बसण्यासारखं आहे.

जीआयएच का, असं विचाराल. तिथली श्रेणी कडक लागते आणि जगभर तीच प्रमाण मानतात. सगळ्या तपासणी लॅबचा हात सारखा नसतो. एकीकडचा एच दुसरीकडे जी होतो, आणि मग दोन दुकानांच्या भावांची तुलनाच करता येत नाही. तुम्हाला दाखवलेल्या ५० सेंटच्या खड्याचं सर्टिफिकेट दुकानाचं स्वतःचं आहे. दुकानदार प्रामाणिक असेलही, पण विकणाऱ्यानेच दिलेल्या गुणांवर भाव ठरवू नये. त्यांना विनंती करा की खडा लॅबला पाठवून अहवाल आणा, खर्च मी देतो. मुंबईत आणि सुरतेत लॅब आहेत, अवघड काही नाही. तयार नसतील तर तो खडा सोडा. अहवाल असेल तर त्याचा क्रमांक लॅबच्या संकेतस्थळावर टाकून जुळवा, आणि तोच क्रमांक खड्याच्या कमरेवर, म्हणजे गर्डलवर, लेझरने कोरलेला असतो तो भिंगातून स्वतः वाचा. वाचता येईपर्यंत भिंग हातातून सोडू नका. पहिल्यांदा बघताना जमायला वेळ लागतो, दुकानदार थांबतो.

आता बघायचं कसं. कुणी निवडायला आलं की मी दोन खडे पुढ्यात ठेवतो. एक ५० सेंटचा, ई रंग, व्हीव्हीएस टू, कट फक्त गुड. दुसरा ४६ सेंटचा, एच, व्हीएस टू, तिन्ही एक्सलंट. कोणता काय ते सांगत नाही. दुकानातल्या दिव्यांखाली दोन्ही सारखेच लखलखतात, कारण ते छोटे प्रखर दिवे त्यासाठीच लावलेले असतात. तिथे काचेचा तुकडाही चमकेल. मग चिमट्यात धरून दोन्ही दाराशी न्यायचे. सराफ बाजाराच्या अरुंद गल्लीत ऊन थेट येत नाही, वरून सावलीचा एकसारखा उजेड येतो, आणि हिरा बघायला त्याच्यासारखा उजेड नाही. तिथे फरक कळतो. ५० सेंटच्या खड्याचा मध्य मंदावतो, कडेला एक मेलेली पट्टी दिसते आणि डोळा त्याच्यावरून सरकून जातो. ४६ चा खडा कडेपर्यंत जिवंत असतो, जरा हलवला की पांढऱ्या आणि रंगीत ठिणग्या जागा बदलतात. लोक हात लांब करून बघतात आणि मोठा म्हणून बहुतेक वेळा लहान वजनाचाच दाखवतात. तुम्हीही हीच परीक्षा घ्या. दोन दुकानांतले खडे एकत्र आणता येणार नाहीत, पण प्रत्येक दुकानात स्वस्तातला तीन-एक्सलंट आणि महागातला व्हीव्हीएस शेजारी ठेवायला सांगता येतं.

रंग बघायचा असेल तर पांढरा कोरा कागद मधोमध दुमडा, त्या घडीत खडा पालथा ठेवा आणि बाजूने बघा. ज्या पुडीतून खडा निघतो त्या पुडीवर ठेवून बघू नका. पुडीच्या आतला पातळ कागद बहुतेकदा निळसर असतो आणि त्यावर पिवळा खडाही पांढरा दिसतो. फ्लोरोसन्स मीडियम किंवा स्ट्राँग असेल तर खडा काही मिनिटं उन्हातही धरा. तिथे धुरकट वाटला नाही तर तो वाईट नाही. उलट आय-जे रंगाच्या खड्याला निळा फ्लोरोसन्स थोडा पांढरेपणा देतो आणि भावात सवलत मिळते.

गोल सोडून अंडाकृती किंवा पेअर, म्हणजे थेंबाच्या आकाराचा, घ्यायचा मोह होईल, कारण त्याच वजनात तो मोठा दिसतो आणि कॅरेटचा भावही सहसा कमी असतो. चालेल, पण जीआयएच्या अहवालात कटची श्रेणी गोल ब्रिलियंटलाच मिळते. इतर आकारांत निवड पूर्ण तुमच्या डोळ्यांवर. मधोमध बो टायसारखी काळी सावली पडते का, तेवढं नक्की बघा.

लॅबमध्ये तयार केलेल्या हिऱ्याबद्दल सरळ बोलतो, कारण या विषयावर दुकानात दोन्ही टोकांचं ऐकायला मिळतं. तो नकली नाही. सीव्हीडी किंवा एचपीएचटी पद्धतीने वाढवलेला तो कार्बनचाच स्फटिक आहे, कडकपणा तोच, चमक तीच. दुकानातल्या पेनासारख्या टेस्टरवर तो हिरा म्हणूनच वाजतो, फरक कळायला लॅबची यंत्रं लागतात. पण तो कारखान्यात हवा तेवढा बनवता येतो, म्हणून त्याचे भाव गेल्या काही वर्षांत कोसळले आणि अजून कुठे थांबतील सांगता येत नाही. जीआयएने तर २०२५ पासून लॅबच्या हिऱ्यांना नैसर्गिक हिऱ्यासारखी रंग-क्लॅरिटीची एकेक पायरी देणं बंद केलं, आता फक्त प्रीमियम किंवा स्टँडर्ड असं लिहितात. म्हणून माझं मत: तिला मोठा खडा मनापासून आवडत असेल आणि दोन्ही घरांना तो लॅबचा आहे हे माहीत असेल तर खुशाल घ्या. पण त्यावर बजेटचा छोटाच भाग घाला आणि उरलेल्या पैशात अंगठी भरभक्कम करा. सव्वा कॅरेटला बजेटच्या जवळपास जाणारा भाव सांगत असतील तर आणखी दोनतीन ठिकाणी विचारा. खड्यात तपकिरी किंवा निळसर झाक नाही ना, हे तिथेही बघा. आणि कुणापासून लपवून घेऊ नका. दोन वर्षांनी ती अंगठी दुसऱ्या सराफाकडे साफ करायला गेली आणि तिथे कुणी सांगितलं, तर त्या मुलीला काय वाटेल याचा विचार करा.

नैसर्गिक हिराही गुंतवणूक म्हणून घेऊ नका, हे लगेच सांगतो. विकायला गेलात तर घेतलेल्या किमतीपेक्षा कमीच येतात. सोन्यासारखा त्याचा रोजचा एक भाव नसतो. बदलून देणार का, परत घेणार का, किती टक्के कापणार, हे दुकानाकडून बिलावर लिहून घ्या. तोंडी शब्दावर जाऊ नका.

सुरतेचं मित्र सांगतो ते अर्धं बरोबर आहे. जगातल्या दर दहा हिऱ्यांतले नऊच्या आसपास तिथे घासले जातात आणि सापुताऱ्याच्या घाटातून आपल्याला ते लांबही नाही. पण महिधरपुऱ्याच्या हिरा बाजारात रस्त्यावर जे व्यवहार दिसतात ते एकमेकांना ओळखणाऱ्या व्यापाऱ्यांचे आहेत, पुडीच्या पुडी माल, दलालामार्फत. तिथे एका खड्याला आलेल्या अनोळखी गिऱ्हाइकाला तो भाव मिळत नाही, आणि बिलाशिवाय मिळाला तर तो खडा कोणता, लॅबचा की खाणीतला, याची जबाबदारी कुणाचीच नाही. तुमचा सख्खा नातेवाईक त्या धंद्यात असेल, जीआयएचा अहवाल आणि पक्कं बिल देत असेल तर जा. नाहीतर नाशकातच घ्या, जिथे उद्या प्राँग ढिला झाला तर पायी जाता येईल.

आईंचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो आणि तो हसण्यावारी नेऊ नये. हिरा शुक्राचा मानतात, आणि बऱ्याच घरांत तो काही दिवस जवळ ठेवून बघतात. ओळखीचे सराफ अनामत घेऊन खडा तसा देतात, विचारायला संकोच करू नका. अहवाल मात्र दुकानातच राहू द्या आणि खडा देताना-परत करताना दोघांनी मिळून गर्डलवरचा क्रमांक वाचा. काळा डाग असलेला हिरा अशुभ, असं आईंचं म्हणणं असेल तर एसआय वन ऐवजी व्हीएस टू घ्या. थोडे जास्त पैसे जातील, पण घरातली शंका कायमची मिटेल.

शेवटी बिल आणि घडणावळ. इथे शांतपणे बसा. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं हवं. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, खड्याचं वजन एकूण वजनातून वजा झालेलं हवं. हिऱ्याचं वजन, कॅरेटचा भाव आणि अहवालाचा क्रमांक वेगळ्या ओळीत. घडणावळ कशावर लावली ते विचारा. सोन्यावर लावली तर ठीक, पण काही ठिकाणी सोनं आणि हिरा यांच्या एकत्र रकमेवर टक्के लावतात, आणि मग खडा जेवढा महाग तेवढी घडणावळ वाढत जाते. खडा बसवायची मेहनत मात्र तेवढीच असते. हे कबूल करू नका. सुटा हिरा वेगळा घेतला तर त्यावर दीड टक्के जीएसटी लागतो आणि घडवलेल्या अंगठीवर तीन. त्या फरकासाठी काही जण हिरा एकीकडे आणि अंगठी दुसरीकडे करतात. मी सुचवणार नाही. बसवताना खडा तुटला तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. एकाच ठिकाणी घ्या आणि बसवताना काही झालं तर जबाबदारी त्यांची, हे लिहून घ्या.

अंगठी सहा प्राँगची करा, रोज वापरायची असेल तर खडा बसका ठेवा, उंच घाटाचा खडा ओढणीत आणि केसांत अडकतो. बोटाचं माप संध्याकाळी घ्या, सकाळी बोट बारीक असतं. दिवाळीच्या तोंडावर कारागिरांकडे हात रिकामे नसतात, त्यामुळे साखरपुड्याच्या किमान तीन आठवडे आधी खडा पक्का करून काम द्या.

अंगठी तयार झाली की घ्यायला स्वतः जा. सोन्यावर हॉलमार्क, १८ कॅरेटसाठी ७५० हा आकडा आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, बघा, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून जुळवा. वजन समोर करून घ्या. कागदाचं टोक खड्याच्या कडेला लावून प्राँग कुठे उचललेला नाही ना ते बघा, आणि खडा हलका दाबून डुलत नाही ना तेही. मग भिंग मागा आणि गर्डलवरचा क्रमांक पुन्हा एकदा वाचा. बसवल्यावर तो प्राँगच्या मधून दिसेल असाच खडा फिरवून बसवायला आधीच सांगून ठेवा. क्रमांक जुळला की उरलेले पैसे द्या.